अमेरिकेचं न्याय खातं : राजकारण कुठून शिरतं, कुठे अडतं

७ डिसेंबर २००६ रोजी अमेरिकेतल्या सात केंद्रीय सरकारी वकिलांना वॉशिंग्टनहून फोन गेले. राजीनामा द्या, एवढाच निरोप होता. कारण विचारणाऱ्यांना धड उत्तर मिळालं नाही. सातही जणांना राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीच नेमलं होतं, त्यामुळे विरोधी पक्षाची माणसं काढली असंही म्हणता येत नव्हतं. त्याच वर्षी आधी आणखी दोघांना असंच घरी पाठवलं होतं, हे नंतर उघड झालं. या नऊ राजीनाम्यांतून जे प्रकरण उभं राहिलं त्यात अमेरिकेच्या न्याय खात्याचं आतलं यंत्र जितकं उघडं पडलं, तितकं वॉटरगेटनंतर क्वचितच पडलं असेल. म्हणून ते यंत्र समजून घ्यायला हेच प्रकरण धरून पुढे जाऊ.

आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. आपल्याकडे विधी व न्याय मंत्रालय म्हटलं की कायद्यांचे मसुदे आणि न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या फायली डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेचं न्याय खातं हा वेगळाच प्राणी आहे. एफबीआय या खात्याची. अमली पदार्थविरोधी यंत्रणा त्याची, केंद्रीय तुरुंग त्याचे, केंद्रीय न्यायालयांत आरोपपत्र ठेवणारे वकीलही त्याचेच. म्हणजे सीबीआय, खटले चालवणारं अभियोग संचालनालय आणि कारागृह विभाग एकाच मंत्र्याच्या हाताखाली दिले तर जे होईल, ते. आणि या सगळ्यावर बसलेला अ‍ॅटर्नी जनरल हा राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळातला सदस्य असतो. पद १७८९ चं, खातं मात्र १८७० चं. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनवर खटले भरणं हे त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक होतं.

मराठी घरांचाही या खात्याशी थेट संबंध येतो, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात नसतो. अमेरिकेतून एखाद्याला परत पाठवायचं की राहू द्यायचं, हे ठरवणारी स्थलांतरितांची न्यायालयं न्यायव्यवस्थेचा भाग नाहीत. ती न्याय खात्यात मोडतात. तिथले न्यायाधीश अ‍ॅटर्नी जनरल नेमतो, म्हणजे ते खात्याचे नोकर असतात. मुलगा न्यू जर्सीत आहे आणि व्हिशाचं प्रकरण 'कोर्टात' आहे असं कुणी सांगितलं, तर ते कोर्ट बहुधा हेच.

खात्यात दोन जातींची माणसं असतात. वरचा थर राजकीय नेमणुकांचा : अ‍ॅटर्नी जनरल, त्याचे उपप्रमुख, आणि देशभर पसरलेले ९३ केंद्रीय सरकारी वकील. यांना राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देतं. मुदत चार वर्षांची, पण राष्ट्राध्यक्षाची मर्जी असेल तोवरच. खालचा थर कायम नोकरीतल्या लोकांचा. हजारो वकील, तपास अधिकारी, कारकून. सरकारं बदलतात, ही माणसं राहतात. यांची भरती पक्ष बघून करायची नाही, हा कायदा आहे. त्याचं मूळ एका खुनात आहे. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा चार्ल्स गिटो हा सरकारी नेमणूक न मिळाल्याने चिडलेला इसम होता. त्या काळात निवडणूक जिंकली की नोकऱ्या आपल्या माणसांत वाटायची रीतच होती. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, पेंडल्टन कायदा आला आणि गुणवत्तेवरच्या भरतीची सुरुवात झाली.

मग सरकारी वकिलाला राष्ट्राध्यक्ष मनात येईल तेव्हा काढू शकत असेल, तर २००६ च्या फोनांत चुकीचं काय होतं? बुश यांच्या समर्थकांनी हाच मुद्दा मांडला, आणि कागदावर तो बिनतोड होता. क्लिंटन सत्तेवर आल्यावर १९९३ मध्ये सगळ्या सरकारी वकिलांचे राजीनामे मागितले गेले होते, याचीही त्यांनी आठवण करून दिली. पण सरकार बदलताना सगळा संच बदलणं वेगळं आणि आपणच नेमलेल्यांतून मध्येच निवडक नावं उचलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात लगेच प्रश्न पडतो : हीच नावं का?

न्यू मेक्सिकोचे डेव्हिड इग्लेसियस हे त्यांतलं एक नाव. त्यांनी संसदेपुढे शपथेवर सांगितलं की ऑक्टोबर २००६ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, त्यांच्याच पक्षाच्या दोन लोकप्रतिनिधींनी त्यांना फोन केले होते. चौकशी होती ती एका भ्रष्टाचार प्रकरणाची, ज्यात डेमोक्रॅटिक नेत्याचं नाव येण्याची शक्यता होती. सिनेटर पीट डोमेनिची यांनी आरोपपत्र नोव्हेंबरच्या आत येणार का असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर फोन ठेवून दिला, असं इग्लेसियस यांचं म्हणणं. दबाव आणल्याचा दोघाही लोकप्रतिनिधींनी इन्कार केला. खात्याच्या अंतर्गत चौकशीने मात्र २००८ मध्ये असा निष्कर्ष काढला की इग्लेसियस यांना काढण्याचं मुख्य कारण राज्यातल्या रिपब्लिकन नेत्यांच्या तक्रारी हेच होतं.

असा दबाव गैर का मानतात, हे कळायला इथे वॉटरगेटचा थोडा इतिहास लागतो. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी रात्री राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपल्याच अ‍ॅटर्नी जनरलला, इलियट रिचर्डसन यांना, वॉटरगेटचा तपास करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाकण्याचा हुकूम दिला. रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख रकलहाउस यांनीही नकार दिला. तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉबर्ट बोर्क यांनी तो हुकूम पाळला. पुढल्या ऑगस्टात निक्सनच पदावरून गेले. त्यांचे आधीचे अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल तर तुरुंगात जाऊन आले. यानंतर जेराल्ड फोर्ड यांनी या पदावर राजकारणी न आणता शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष एडवर्ड लीव्ही यांना आणलं, आणि त्या दशकात एक पायंडा पडत गेला : राष्ट्राध्यक्षाने खात्याला धोरण सांगावं, पण अमक्यावर खटला भरा, तमक्याला सोडा, असं सांगू नये. व्हाइट हाउसमधून कुणी कुणाशी बोलायचं याचे लेखी नियम प्रत्येक नवं सरकार काढत आलं. हे नियम म्हणजे कायदा नाही. पुढचा राष्ट्राध्यक्ष ते एका सहीने बदलू शकतो. अमेरिकेतल्या न्याय खात्याची स्वायत्तता म्हणून जिचा जगभर गौरव होतो, ती बव्हंशी या सवयीवर उभी आहे. घटनेत तिचा उल्लेख नाही.

राजीनामे घेतल्यावर रिकाम्या जागा भरायच्या कशा, यात खरी मेख होती. पूर्वीचा नियम असा : अ‍ॅटर्नी जनरलने हंगामी सरकारी वकील नेमला तर तो १२० दिवसांपुरता. तेवढ्यात सिनेटची मंजुरी मिळाली नाही, तर पुढची हंगामी नेमणूक त्या जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी करायची. मार्च २००६ मध्ये दहशतवादविरोधी पॅट्रियट कायद्याला मुदतवाढ देताना या कलमात कुणाच्या नजरेत न भरणारा बदल झाला. १२० दिवसांची अट उडाली. आता हंगामी माणूस सिनेटकडे न जाता कितीही काळ बसू शकत होता. आर्कान्सात काढलेल्या वकिलाच्या जागी व्हाइट हाउसचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह यांचे माजी सहकारी आले, तेव्हा या बदलाचा उपयोग काय हे सिनेटच्या ध्यानात आलं. रिपब्लिकनही चिडले. अट परत आणणारं विधेयक सिनेटने ९४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं आणि जून २००७ मध्ये बुश यांनी त्यावर सही केली. हे १२० दिवस वाचकाने लक्षात ठेवावेत.

राजीनाम्यांवर गदारोळ चालू असताना हात घातला गेला एका जास्त खोल गोष्टीत : भरतीत. माझ्या मते या खात्यातला पक्षपात गाजलेल्या खटल्यांत शोधणारे चुकीच्या जागी शोधतात. खटल्यावर पत्रकारांचं, बचावाच्या वकिलाचं, न्यायाधीशाचं लक्ष असतं. मुलाखतीच्या खोलीत कुणीच नसतं. आणि तिथे निवडलेला माणूस पंचवीस-तीस वर्षं कुणावर खटला भरायचा ते ठरवत राहतो.

अ‍ॅटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांच्या कार्यालयात मोनिका गुडलिंग नावाच्या तरुण वकील व्हाइट हाउसशी समन्वयाचं काम पाहत. राजकीय नेमणुकांच्या मुलाखती त्या घेत, आणि कायम नोकरीतल्या काही पदांच्याही. दोन्हींकडे प्रश्न तेच. बुश यांच्यात असं काय आहे की त्यांच्यासाठी काम करावंसं वाटतं, असं त्या उमेदवारांना विचारत. नेमणूक राजकीय असेल तर हा प्रश्न चालून जाईल. पण कायम नोकरीतला सरकारी वकील बुश यांच्यासाठी काम करतच नसतो. उमेदवारांची नावं वृत्तपत्रांच्या संगणकीय संग्रहात टाकून शोधण्यासाठी एक लांबलचक शब्दमाळ तयार होती. तीत बुश, गोर, फ्लोरिडातली फेरमतमोजणी, गर्भपात, समलिंगी, बंदूक असे शब्द होते, आणि चक्क ठिपक्यांच्या घुबडाचं नावही होतं. (वायव्य अमेरिकेत जंगलतोडीवरून झालेल्या भांडणात हे घुबड पर्यावरणवाद्यांचं प्रतीक बनलं होतं.) दहशतवादविरोधी खटल्यांचा दांडगा अनुभव असलेल्या एका वकिलाला वॉशिंग्टनमधली जागा नाकारली गेली, कारण त्याची बायको स्थानिक डेमोक्रॅटिक राजकारणात सक्रिय होती. ती जागा त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी अनुभवाच्या माणसाला मिळाली. स्थलांतरितांच्या न्यायालयांतले न्यायाधीशही पक्ष बघून निवडले जात होते. नव्या पदवीधरांना खात्यात घेणाऱ्या मानाच्या योजनेतही उदारमतवादी संस्थांची नावं अर्जात दिसली की अर्ज बाजूला पडत.

हे सगळं आपल्याला तपशिलाने माहीत आहे त्याचं श्रेय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलला. हे पद प्रत्येक मोठ्या खात्यात असतं, न्याय खात्यात ते १९८९ पासून आहे. इन्स्पेक्टर जनरल खात्याच्या आतच बसतो, पण अहवाल अ‍ॅटर्नी जनरलबरोबर संसदेलाही देतो. फायली, ई-मेल मागवू शकतो, कर्मचाऱ्यांना जबाब द्यायला लावू शकतो. मात्र नोकरी सोडून गेलेल्या माणसाला बोलतं करायला त्याच्या हातात फारसं काही नसतं, आणि खटला भरण्याचा अधिकार तर नाहीच. शिवाय सरकारी वकिलाने वकील म्हणून केलेल्या गैरवर्तनाची चौकशी त्याच्याकडे येत नाही. ती व्यावसायिक जबाबदारी कार्यालय नावाच्या दुसऱ्या विभागाकडे जाते, आणि तो विभाग थेट अ‍ॅटर्नी जनरललाच उत्तरदायी असतो.

२००८ मध्ये या दोन्ही कार्यालयांनी मिळून एकापाठोपाठ एक अहवाल दिले. भरतीत कायदा मोडला गेला, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. गुडलिंग यांनी आदल्या वर्षीच संसदेपुढे, खटल्यापासून संरक्षण मिळाल्यावर, आपण मर्यादा ओलांडल्याचं कबूल केलं होतं. गोन्झालेस यांनी सिनेट समितीपुढे कितीतरी प्रश्नांना आठवत नाही असं उत्तर दिलं, आणि सप्टेंबर २००७ मध्ये पद सोडलं. त्यांच्या जागी आलेले मायकेल मुकेझी म्हणाले की कायद्याचं प्रत्येक उल्लंघन हा फौजदारी गुन्हा नसतो. भरतीचे नियम मोडणं हा नोकरीविषयक कायद्याचा भंग, त्याला शिक्षा नोकरीतच व्हायची. पण नोकरी तर संबंधितांनी आधीच सोडलेली! राजीनाम्यांच्या प्रकरणात विशेष अभियोक्ता नेमली गेली, आणि २०१० मध्ये तिनेही कुणावर आरोप ठेवण्याजोगं नाही असं ठरवलं. तुरुंगात कुणी गेलं नाही.

खरं तर हीच यंत्रणा उलट्या दिशेनेही चालली आहे. २०१६ मध्ये एफबीआयने ट्रम्प यांच्या प्रचाराशी संबंधित कार्टर पेज यांच्यावर पाळत ठेवायला गुप्त न्यायालयाची परवानगी घेतली. इन्स्पेक्टर जनरल मायकेल होरोविट्झ यांनी डिसेंबर २०१९ मध्ये त्या अर्जांत १७ गंभीर चुका आणि गाळलेल्या गोष्टी दाखवून दिल्या. तपास राजकीय हेतूने सुरू झाल्याचा पुरावा नाही, असंही त्यांनी त्याच अहवालात लिहिलं. दोन्ही पक्षांनी आपल्याला हवं तेवढं अर्धं उचललं. एफबीआयच्या एका वकिलाने ई-मेलमधला मजकूर बदलल्याचं सिद्ध झालं, त्याने गुन्हा कबूल केला, आणि त्याला तुरुंगवासाऐवजी देखरेखीची शिक्षा झाली.

एक मराठी धागा इथे आपोआप हाताला लागतो. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारतीय उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली आणि आपल्याकडे संताप उसळला. तो खटला चालवणारे केंद्रीय सरकारी वकील प्रीत भरारा. हे सगळं भारताविरुद्ध वॉशिंग्टनमधून शिजलं, अशी तेव्हा आपल्याकडे अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात अशा वकिलाला आपल्या जिल्ह्यात किती मोकळीक असते, याची आपल्याला कल्पना नव्हती. हेच भरारा २००७ मध्ये सिनेटर शूमर यांचे वकील म्हणून सरकारी वकिलांच्या बडतर्फीची चौकशी करत होते. आणि मार्च २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने आधीच्या राजवटीतल्या ४६ सरकारी वकिलांचे राजीनामे मागितले तेव्हा भरारांनी तो द्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकलं.

न्यायालयांकडून काय मिळतं? आरोपीच्या बाजूने बघितलं तर फार थोडं. राजकारणापायी किंवा वर्णामुळे मलाच निवडून खटला भरला, असं म्हणायचं असेल तर अगदी तशाच स्थितीतल्या दुसऱ्याला सोडल्याचं दाखवावं लागतं. १९९६ च्या आर्मस्ट्राँग निकालाने हा उंबरठा फार उंच करून ठेवला आहे. खटला भरल्याबद्दल सरकारी वकिलावर नुकसानभरपाईचा दावाही लावता येत नाही. तो दरवाजा १९७६ सालीच बंद झाला.

खटला मागे घेताना मात्र न्यायाधीशाची परवानगी लागते. आपल्याकडेही तसंच आहे : जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०. आंदोलनांतले राजकीय गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात कुणालाच नवे नाहीत, आणि आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाला विचारल्याशिवाय मागे घेऊ नका असं सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये बजावावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांच्यावरचा लाचखोरीचा खटला मागे घ्या, असा आदेश वॉशिंग्टनमधून आला. पुरावा कमी आहे असं आदेशात म्हटलेलंच नव्हतं. महापौरांना स्थलांतरितांविरुद्धच्या मोहिमेत सरकारला मदत करता यावी, हे एक कारण होतं. हंगामी सरकारी वकील डॅनिएल ससून यांनी आदेश न पाळता राजीनामा दिला. त्या काही डाव्या नव्हेत, न्यायमूर्ती स्कालियांकडे काम केलेल्या पक्क्या परंपरावादी. पाठोपाठ आणखी काही वकील बाहेर पडले. शेवटी न्यायाधीश डेल हो यांनी खटला रद्द केला, पण कायमचा. सरकारला तो पुन्हा उघडता येईल अशा बेताने मागे घ्यायचा होता. तसं झालं असतं तर महापौरांच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली असती, असं हो यांना वाटलं. देवाणघेवाणीचा आरोप अ‍ॅडम्स यांनी फेटाळला.

याच्या आदल्या वर्षी, १ जुलै २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलं होतं की राष्ट्राध्यक्ष आपल्या न्याय खात्याशी जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर खटला भरता येणार नाही. म्हणजे वॉटरगेटनंतरची सवय मोडणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला फौजदारी कायद्याची भीती उरली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ही सवय उघडपणे मोडली. पूर्व व्हर्जिनियाचे सरकारी वकील एरिक सीबर्ट यांना जावं लागलं. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी अ‍ॅटर्नी जनरल पॅम बॉन्डी यांना उद्देशून जाहीरपणे लिहिलं की एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्यावर कारवाई व्हायला हवी. सीबर्ट यांच्या जागी लिंडसी हॅलिगन आल्या. त्या व्हाइट हाउसमध्ये काम करत होत्या, आणि सरकारी वकील म्हणून एकही खटला त्यांनी चालवलेला नव्हता. मुदतीचा कायदा आड येण्याआधी काही दिवसच उरले असताना, २५ सप्टेंबरला, कोमी यांच्यावर आरोपपत्र आलं. ऑक्टोबरात जेम्स यांच्यावर.

खटले राजकीय सूडाचे आहेत, हा बचाव न्यायालयात मांडला गेलाच. पण त्यावर निकाल द्यायची वेळच आली नाही. २४ नोव्हेंबरला न्यायाधीश कॅमेरॉन मॅकगोवन करी यांनी दोन्ही आरोपपत्रं रद्द केली ती १२० दिवसांच्या त्या रुक्ष अटीवर. अ‍ॅटर्नी जनरलला हंगामी नेमणुकीचे मिळतात ते १२० दिवस सीबर्ट यांच्यावरच खर्ची पडले होते. पुढची नेमणूक न्यायाधीशांची होती. म्हणून हॅलिगन यांची नेमणूक बेकायदा, आणि बेकायदा नेमलेल्या व्यक्तीने आणलेली आरोपपत्रंही टिकत नाहीत. २००६-०७ च्या प्रकरणात कुणाला शिक्षा झाली नाही. त्यातून कायद्यात परत आलेलं एक कलम अठरा वर्षांनी कामाला आलं.

न्याय खात्याने अपील केलं. जेम्स यांच्यावर नव्याने आरोपपत्र मिळवण्याचाही प्रयत्न केला. त्यासाठी १६ ते २३ सामान्य नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे जावं लागतं आणि निदान १२ जणांचा होकार लागतो. तिथे बचावाचा वकील नसतो, एकच बाजू ऐकवली जाते, त्यामुळे नकार जवळजवळ ऐकिवात नसतो. डिसेंबर २०२५ मध्ये, आठवडाभराच्या अंतराने, व्हर्जिनियातल्या दोन वेगवेगळ्या ग्रँड ज्युरींनी नकार दिला.